गृहतापन गॅसभट्टीचे स्थान

गृहतापन गॅसभट्टीचे स्थान : थंड हवामानाच्या प्रदेशांत घर उबदार ठेवण्यासाठी वायुरूप इंधनावर चालणारी भट्टी वापरतात. ज्वालक, उष्णता-विनिमयक (ज्वलनवायूंची उष्णता धातूच्या भिंतीतून खोल्यांतील हवेला देणारा भाग), पंखा व धुराडे हे तिचे मुख्य भाग होत. अशा भट्टीची घरातील जागा ठरविताना दोन प्रश्न मूलभूत असतात : ज्वलनास लागणारी हवा कोठून येणार आणि ज्वलनातून निघालेले वायू कोणत्या वाटेने बाहेर जाणार. भट्टीच्या स्थानाचा इतिहास म्हणजे मुख्यतः या दोन प्रश्नांना वेळोवेळी दिलेल्या उत्तरांचा इतिहास होय.

रोमन हायपोकॉस्ट पद्धतीत जाळ तापवावयाच्या खोलीच्या बाहेर असे. उष्ण वायू खांबांवर उचललेल्या जमिनीखालून व भिंतींतील पोकळ्यांतून जात. या पद्धतीचे वर्णन व्हिट्रूव्हियस यांनी केले आहे. कोरियातील ओंडोल पद्धतीतही चुलीचा धूर जमिनीखालील मार्गांतून नेण्यात येई. दोन्ही पद्धतींत जाळ आणि श्वसनाची हवा एकमेकांपासून वेगळी ठेवलेली होती. यूरोपातील उघड्या भिंतचुलीत मात्र जाळ राहत्या खोलीतच आला. तो खोलीतील हवा ओढून घेई आणि बरीचशी उष्णता धुराड्यावाटे वाया जाई.

एकोणिसाव्या शतकात अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत कोळशाची मध्यवर्ती भट्टी प्रचारात आली. डेव्ह लेनॉक्स यांनी १८९५ मध्ये आयोवा राज्यातील मार्शलटाउन येथे पोलादी पत्रे रिव्हेटांनी जोडून केलेली भट्टी बनविण्यास प्रारंभ केला. या भट्ट्यांना पंखा नसे. तापलेली हवा हलकी होऊन आपोआप वर चढे, म्हणून भट्टी तळघरात ठेवणे अपरिहार्य होते. तिच्यापासून चहूकडे जाणाऱ्या रुंद नळ्यांमुळे तिला ‘ऑक्टोपस’ असे टोपणनाव मिळाले. म्हणजे तळघराची निवड सुरक्षिततेसाठी नव्हे, तर हवेच्या गतीसाठी झाली होती.

बन्सन ज्वालकामुळे (१८५५) इंधन-वायू व हवा यांचे मिश्रण आधी करून निर्धूम ज्योत मिळविणे शक्य झाले. न्यू जर्सीच्या ॲलिस एच्. पार्कर यांना गॅसवर चालणाऱ्या मध्यवर्ती तापन-व्यवस्थेचे एकस्व (पेटंट) डिसेंबर १९१९ मध्ये मिळाले. दुसऱ्या महायुद्धात खनिज तेलासाठी टाकलेल्या ‘बिग इंच’ व ‘लिटल इंच’ या नळवाहिन्या १९४७ मध्ये नैसर्गिक वायूकडे वळविण्यात आल्या व हे इंधन दूरवरच्या शहरांत पोहोचले. कोळशाची कोठी व राख यांची अडचण संपली. विजेच्या पंख्यामुळे हवा कोणत्याही दिशेस ढकलता येऊ लागली. परिणामी भट्टी तळघर सोडून माळ्यावर, जिन्याखाली वा कपाटवजा कोनाड्यात बसू लागली. सोय वाढली, परंतु भट्टीभोवतालची हवा मात्र आटली.

हवा अपुरी पडल्यास ज्वलन अपूर्ण राहून कार्बन मोनॉक्साइड हा रंगहीन व गंधहीन वायू निर्माण होतो. तो रक्तातील हीमोग्लोबिनाशी ऑक्सिजनाच्या दोनशेहून अधिक पट आसक्तीने संयोग पावतो, हे त्याच्या घातकतेचे कारण होय. त्याच्या या क्रियेचा उलगडा एकोणिसाव्या शतकात क्लोद बेर्नार यांनी केला. झोपलेल्या माणसाला या विषबाधेची चाहूलही लागत नाही.

दुसरा धोका गळतीचा. टेक्सस राज्यातील न्यू लंडन येथील शाळेत १८ मार्च १९३७ रोजी जमिनीखालील बंदिस्त पोकळीत साचलेल्या गंधहीन वायूचा स्फोट होऊन सु. ३०० विद्यार्थी व शिक्षक मृत्युमुखी पडले. त्यानंतर वायूत मरकॅप्टनासारखे उग्र वासाचे पदार्थ मिसळणे सक्तीचे होत गेले. मिथेनप्रधान नैसर्गिक वायू हवेपेक्षा हलका असल्याने वर जातो; उलट प्रोपेन सु. दीडपट जड असल्याने तळघरासारख्या खोलगट जागी साचतो. म्हणून एका इंधनास योग्य असलेली जागा दुसऱ्यास योग्य असेलच असे नाही.

अशा अनुभवांतून नियम बनत गेले. अमेरिकेची राष्ट्रीय इंधन-वायू संहिता १९७४ मध्ये प्रथम प्रसिद्ध झाली. तीत रूढ असलेल्या मानकानुसार दर किलोवॉटमागे सु. ४·८ घ. मी. जागा उपलब्ध असावी लागते. म्हणजे २५ किवॉ. क्षमतेच्या भट्टीस १२० घ. मी. जागा हवी. जागा याहून कमी असल्यास बाहेरून हवा आणावी लागते किंवा छताजवळ व जमिनीजवळ झरोके ठेवून ती लगतच्या खोल्यांना जोडावी लागते. मोटारखान्यात ज्वालक साधारणतः जमिनीपासून सु. ४६ सेंमी. उंच ठेवतात, कारण पेट्रोलाची वाफ जड असून जमिनीलगत पसरते. शयनगृहातील वा स्नानगृहातील हवेवर चालणारी भट्टी तेथे बसविण्यास मनाई आहे.

१९७३ च्या तेलसंकटानंतर उष्णता वाचविण्यासाठी घरांच्या फटी बुजविण्यात आल्या. अशा घरात स्वयंपाकघरातील निष्कास-पंखा सुरू होताच धुराड्यातील वायू उलटे घरात ओढले जाऊ शकतात. यावर उपाय म्हणून बंदिस्त ज्वलनाच्या भट्ट्या प्रचारात आल्या. त्यांत हवा एका नळीने बाहेरून येते व ज्वलनवायू दुसऱ्या नळीने बाहेर जातात. जाळ व श्वसनाची हवा वेगळी ठेवण्याचे रोमन तत्त्व अशा रीतीने पुन्हा स्वीकारले गेले. मात्र जुने धुराडे मग एकट्या जलतापकासाठी उरल्यास ते त्याला फार मोठे पडते आणि त्याचा ओढा मंदावतो; म्हणून भट्टी बदलताना त्याचीही तपासणी करावी लागते.

महाराष्ट्रात घरे तापविण्याची गरज सहसा भासत नाही. तथापि बंद स्नानगृहातील गॅस गिझरमुळे येथेही मृत्यू घडले आहेत. यंत्र लहान असले तरी प्रश्न तेच आहेत. गिझर स्नानगृहाबाहेर मोकळ्या हवेच्या जागी बसविणे व झरोका कधीही न बुजविणे, हेच त्यांचे उत्तर होय.