गुडघ्याची कूर्चा झिजू लागली आहे का? एमआरआय कधी करावा, कधी नको

राजूर परिसरात भाताची आवणी म्हणजे दिवसभर चिखलात वाकून काम, शिवाय डोंगरवाटांची चढउतार. पन्नाशीच्या आसपास गुडघे दुखू लागले की घरात प्रश्न निघतो : एमआरआय करायचा का? त्यासाठी संगमनेर, लोणी किंवा नाशिक गाठावे लागते. दिवस मोडतो, पैसाही जातो. म्हणून ही तपासणी काय दाखवते आणि कोणाला लागते, हे आधी समजून घेऊ.

कूर्चा म्हणजे काय?
सांध्यातील हाडांच्या टोकांवर गुळगुळीत, लवचीक थर असतो. त्याला कूर्चा किंवा कार्टिलेज म्हणतात, बोलीभाषेत ‘गादी’. तिच्यात बहुतांश पाणी असते आणि ते कोलॅजनचे तंतू व प्रोटिओग्लायकन हे घटक धरून ठेवतात. कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात, म्हणून ती सहज भरून येत नाही. मज्जातंतूही नसतात, म्हणून सुरुवातीची झीज दुखत नाही.

एक्स-रेत ती का दिसत नाही?
एक्स-रेत हाडे दिसतात, कूर्चा नाही. दोन हाडांमधील ‘गॅप’ कमी झाली, की झिजेचा अंदाज येतो. तोपर्यंत बरीच झीज झालेली असू शकते.

एमआरआयमध्ये काय दिसते?
नेहमीच्या एमआरआयमध्ये कूर्चेचा पातळपणा, भेगा, हाडातील सूज, मेनिस्कस आणि लिगामेंट दिसतात. त्याही आधीचे बदल टिपण्यासाठी खास पद्धती आहेत. टी-२ मॅपिंगमध्ये पाणी व कोलॅजनमधील बिघाड रंगीत नकाशासारखा दिसतो. टी-१ ऱ्हो पद्धतीत प्रोटिओग्लायकन कमी झाल्याचा अंदाज येतो. या पद्धती मुख्यतः संशोधनात आणि काही मोठ्या केंद्रांतच वापरल्या जातात. नेहमीच्या रिपोर्टमध्ये त्या नसतात.

रिपोर्टमध्ये ‘झीज’ लिहिले म्हणजे आजार आहे का?
तसेच नाही. अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम येथे पन्नाशी ओलांडलेल्या, एक्स-रे निर्दोष असलेल्या ७१० जणांचा एमआरआय केला गेला. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ८९ टक्के लोकांच्या गुडघ्यात काही ना काही बदल आढळला. गुडघा दुखणारे आणि न दुखणारे, दोघांतही हे प्रमाण जास्तच होते. म्हणून उपचार रिपोर्ट पाहून नव्हे, तर तुमचा त्रास आणि तपासणी पाहून ठरतात.

एमआरआय कोणाला लागतो?
वय ४५ च्या पुढे, काम केल्यावर दुखणे आणि सकाळचा आखडलेपणा अर्ध्या तासाच्या आत जाणे, ही लक्षणे असतील तर संधिवाताचे निदान सहसा एमआरआयशिवाय होते. पुढील वेळी मात्र डॉक्टर तो सुचवू शकतात :

- गुडघा अडकतो किंवा अचानक दगा देतो
- पडल्यावर किंवा मुरगळल्यावर सूज आली
- वय कमी, एक्स-रे चांगला, तरी दुखणे हटत नाही
- शस्त्रक्रियेचा विचार चालू आहे

गुडघा गरम, लाल होऊन ताप आला तर एमआरआयची वाट पाहू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

तपासणीला जाताना
एमआरआयमध्ये क्ष-किरण नसतात. साधारण अर्धा तास न हलता पडून राहावे लागते. यंत्राचा आवाज मोठा असतो. पेसमेकर, मेंदूतील क्लिप, कानातील इम्प्लांट किंवा शरीरात धातूचा तुकडा असल्यास आधी सांगा. दागिने घरी ठेवा, जुने एक्स-रे सोबत न्या.

झीज आढळली तर?
झिजलेली कूर्चा पूर्ववत करणारे सिद्ध औषध आज उपलब्ध नाही. ‘गॅप भरून देतो’ अशा दाव्यांवर पैसे घालू नका. मांडीचे स्नायू बळकट करणारा व्यायाम रोज करा. वजन जास्त असेल तर उतरवा : एक किलो कमी झाले तर प्रत्येक पावलाला गुडघ्यावरील भार सुमारे चार किलोंनी घटतो. उकिडवे बसून करायची कामे शक्य तेथे पाटावर किंवा स्टुलावर बसून करा आणि मध्ये विश्रांती घ्या. चालणे बंद करू नका. एमआरआय झालेला असो वा नसो, सुरुवातीचा उपचार हाच आहे.