शिंपल्यांची तावदाने आणि मत्स्यपेटीचे झाकण

इंग्रज कंपनीच्या पदरी असलेला डॉक्टर जॉन फ्रायर १६७५ मध्ये वसईस आला, तेव्हा तेथील चर्चे, मठ आणि फिरंगी उमरावांच्या दुमजली हवेल्या यांचे वर्णन करता करता त्याची दृष्टी एका क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टीवरही ठरली: त्या हवेल्यांच्या मोठाल्या खिडक्यांना काचेऐवजी शिंपल्यांची तावदाने होती, आणि हिंदुस्थानातील पोर्तुगीजांचा हाच प्रघात असल्याचे त्याने नमूद करून ठेवले. १५३४ मध्ये गुजरातच्या बहादुरशहाशी झालेल्या तहाने हा मुलूख त्यांच्या अंमलाखाली आला होता. समुद्राचा खारा वारा आणि चार महिन्यांचा पाऊस मात्र कोणत्याही तहास जुमानणारा नव्हता.

प्लाकुना प्लासेंटा या शास्त्रीय नावाचा, खाडीच्या चिखलात वाढणारा हा शिंपला तळहाताएवढा, जवळजवळ सपाट, आणि इतका पातळ की उन्हात धरला असता मागील बोटांची छाया त्यातून उमटते. त्याच्या कडा छाटून, चौकोनी तुकडे करून, खाचा पाडलेल्या लाकडी पट्ट्यांत ते ओळीने बसवीत. पलीकडचे दृश्य त्यातून दिसत नसे, परंतु ऊन दुधाळ होऊन आत येई. आणि खाऱ्या पाण्यातच घडलेल्या या पदार्थास खाऱ्या हवेचे भय ते काय असणार!

मे १७३९ मध्ये चिमाजीअप्पांच्या फौजेने किल्ला सर केल्यावर चर्चमधील घंटा मराठी मुलखातील देवळांत विराजमान झाल्या. तावदानाचे भाग्य तसे नव्हते. ते देवापुढे टांगता येत नाही. आज किल्ल्यातील भग्न इमारतींच्या खिडक्या म्हणजे केवळ भिंतीतील भगदाडे उरली आहेत, आणि ही कारागिरी पाहावयाची तर गोव्यातील जुन्या घरांकडे वळावे लागते.

पुढे तळेगावास १९०८ मध्ये पैसा फंडाचा आणि कराडजवळ १९१६ मध्ये ओगले बंधूंचा असे काचेचे कारखाने निघाले, आणि स्वदेशी काच हा मराठी माणसाच्या अभिमानाचा विषय झाला. काचेमागचे मासे पाहण्याचा नाद मुंबईकरांस १९५१ मध्ये उघडलेल्या तारापोरवाला मत्स्यालयाने लावला. त्याच मत्स्यालयात २०१५ साली ॲक्रिलिकचा बोगदा अवतरला. दुसऱ्या महायुद्धात लढाऊ विमानांच्या छत्रांसाठी वापरलेला हा पदार्थ काचेच्या निम्म्याहून कमी वजनाचा, म्हणून घरगुती मत्स्यपेटीवर, दिवा आणि पाणी यांच्यामध्ये, तोच ठेवण्याचा मोह सहज होतो.

या मोहास वसई-विरारच्या रहिवाशाने आवर घालावा, असे माझे स्पष्ट मत आहे. पारदर्शकतेच्या दृष्टीने दोहोंत विशेष अंतर नाही. साध्या पातळ काचेतून आणि ॲक्रिलिकमधून सुमारे ९० टक्के प्रकाश पार होतो, उरलेला बहुतांश दोन्ही पृष्ठभागांवरून परावर्तित होतो. भेद पडतो तो पाण्याच्या सान्निध्यात. ॲक्रिलिक किंचित ओलावा शोषते; खालची बाजू वाफेने फुगते, वरची दिव्याच्या उष्णतेने सुकते, आणि काही काळाने शीटच्या कडा वर उचलल्या जाऊन मध्यभाग बाक धरतो. पॉलिकार्बोनेट अधिक चिवट, पण ऊन येणाऱ्या खिडकीजवळ ते पिवळे पडू लागते. काच जड असते, फुटते, हे खरे. पण ती वाकत नाही, आणि तिच्यावर साचलेले क्षारांचे पांढरे पुट पातळ व्हिनेगरने ओरखडा न पडता पुसता येते. समुद्री माशांच्या पेटीत हे पुट प्रकाशाचा जेवढा अपहार करते, तेवढा काचेची जात करीत नाही. म्हणून झाकण निवडताना ते सहज काढता-घालता येईल की नाही, हे प्रथम पाहावे.

काचवाल्याकडून दोन भागांत कापून, कडा घासून घेतलेली ५ मिलिमीटरची काच बेताच्या पेटीस पुरते. मागचा एक कोपरा हवेसाठी आणि वायरींसाठी मोकळा ठेवावा, मात्र त्यावर जाळी लावण्यास विसरू नये. मासे नेमकी तेवढीच फट शोधून उडी घेतात.