सायकलस्वाराचा हात आणि शिकाऊ चालक

चेन्नई : मोटार चालविण्याचा पक्का परवाना देण्यापूर्वी घेतल्या जाणाऱ्या चाचणीचे निकष केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १५ मध्ये दिले आहेत. हाताने व दिशादर्शक दिव्यांनी स्पष्ट इशारा देणे हा त्यांपैकी एक. रस्त्यावरील इतरांनी केलेल्या खुणा पाहून योग्य कृती करणे, हाही निकष त्याच यादीत आहे. मात्र त्यासाठी समोर खूण करणारा कोणीतरी असावा लागतो आणि चाचणीच्या बंदिस्त मैदानावर सायकलस्वार सहसा नसतो.

गोंधळ होतो तो प्रामुख्याने डाव्या वळणाच्या वेळी. मोटारचालक उजवीकडे बसत असल्याने त्याच्या सर्व हस्तसंकेतांत उजवाच हात येतो. वेग कमी करताना पालथा पंजा खालीवर हलवायचा, थांबताना हात कोपरापासून उभा धरायचा आणि डावीकडे वळताना तो घड्याळाच्या उलट दिशेने फिरवायचा, असे शिकाऊ चालक पाठ करतो. सायकलस्वार मात्र डावीकडे वळताना सरळ डावा हात बाहेर काढतो. ब्रिटनच्या ‘हायवे कोड’मध्ये चालक व सायकलस्वार यांच्या या दोन्ही खुणांची चित्रे दिलेली आहेत.

दुसरा प्रश्न वेळेचा. मोटारीचा दिवा वळण पूर्ण होईपर्यंत लुकलुकत राहतो. सायकलस्वाराला हात सोडला की एक ब्रेक सोडावा लागतो, तोलही सांभाळावा लागतो. त्यामुळे तो वळणाआधी क्षणभर हात दाखवून पुन्हा मूठ पकडतो. ताशी ४० किलोमीटर वेगाने येणारी मोटार दोन सेकंदांत सुमारे २२ मीटर पुढे येते. त्या दोन सेकंदांत चालकाची नजर आरशाकडे असेल, तर खूण झाली काय आणि न झाली काय, सारखेच.

सायकलस्वार हातच दाखवत नाहीत, ही चालकांची तक्रार अगदीच निराधार नाही. पण चेन्नईत चहाचे पिंप बांधून फिरणाऱ्या विक्रेत्याला दोन्ही हात मुठीवर ठेवावेच लागतात. तो मागे वळून पाहतो, किंवा पायंडल मारणे थांबवतो. अनुभवी चालक तेवढ्यावरून ओळखतो. नवख्याला ते कोणी सांगितलेले नसते. तामिळनाडूत सरकारी व अनुदानित शाळांतील अकरावीच्या विद्यार्थ्यांना राज्य सरकार मोफत सायकली देते. सायकलीला परवाना लागत नाही, त्यामुळे या मुलांना वाहतूक नियमांची परीक्षा द्यावी लागत नाही. साहजिकच खूण ओळखण्याची अधिक जबाबदारी परवानाधारकावर येते.

२०२२ मध्ये देशात सर्वाधिक, म्हणजे ६४,१०५ रस्ते अपघात तामिळनाडूत नोंदले गेले. २०२१ च्या नियमांनुसार मान्यताप्राप्त प्रशिक्षण केंद्रांतील हलक्या वाहनांचा अभ्यासक्रम २९ तासांचा आहे. सायकलस्वाराची खूण ओळखायला शिकविण्यासाठी वेगळे मैदान लागत नाही. पहाटे सायकलस्वारांची वर्दळ असलेल्या ईस्ट कोस्ट रोडवर शिकाऊ उमेदवाराला शेजारच्या आसनावर बसवून, पुढची सायकल कोठे वळेल हे आधी मोठ्याने सांगायला लावले, तरी हा सराव होतो.