उंच मनोऱ्यांवरील ठेंगणी एरियल

स्वीडनच्या पश्चिम किनाऱ्याजवळ ग्रिमेटोन येथें १२७ मीटर उंचीचे सहा पोलादी मनोरे एका रांगेंत उभे आहेत. पाहणाऱ्याच्या डोक्यावरील पागोटें खालीं पडावें एवढी ही उंची. परंतु बिनतारी विद्येंत त्यांच्यावरील एरियल ठेंगणीच गणली जाते. तेथें मोजण्याची काठी म्हणजे लहरीची लांबी. या केंद्राची लहर सुमारें साडेसतरा किलोमीटर लांब आहे. तिला साजेशी पाव लहरीची एरियल उभारावयाची तर मनोरा चार किलोमीटरांहून उंच हवा!

समुद्राखालील तारा परक्यांच्या मर्जीवर चालतात, हें पहिल्या महायुद्धांत लहान राष्ट्रांना चांगलेंच उमगलें होतें. आणि स्वीडनचे तर लाखों लोक अमेरिकेंत जाऊन वसले होते. दूरच्या संदेशांची भिस्त तेव्हां दीर्घ लहरींवरच असे.

अडचण अशी कीं, एरियलची उंची लहरीच्या मानानें निम्मी झाली तर तिचा प्रारणरोध, म्हणजे आकाशांत शक्ति फेंकण्याचें तिचें सामर्थ्य, चौथाईवर येतो. अशा एरियलमध्यें तो एक दशांश ओहमच्याही आंत असतो. जमिनीचा रोध मात्र त्याच्या कित्येक पट. मग बहुतेक शक्ति माती तापविण्यांतच जाते. अर्न्स्ट अलेक्झांडरसन हा मूळचा उप्सालाचा, १९०१ मध्यें अमेरिकेंत गेलेला अभियंता. त्यानें मनोरे वाढविण्याचा नाद सोडून मातीकडे लक्ष दिलें. तार एकाच ठिकाणीं जमिनींत न नेतां प्रत्येक मनोऱ्यापाशीं खालीं आणावयाची आणि स्वतंत्र वेटोळ्यांतून जमिनीस जोडावयाची. प्रवाह सहा वाटांनीं वांटला गेला कीं मातींतील नुकसान सुमारें एकषष्ठांशावर येतें. किती साधी युक्ति! १९२४ च्या अखेरीस केंद्र सुरू झालें.

पाठ्यपुस्तकें लहान एरियलची कथा बहुधा १९४७ च्या व्हीलरपासून व १९४८ च्या चू यांच्यापासून सांगतात. नुकसान टाळावयाचें तर लहरींचा पट्टा अरुंद पत्करावा लागतो, हा सिद्धान्त त्यांचा खरा. परंतु मला वाटतें, तो सौदा अलेक्झांडरसननें व्यवहारांत आधींच केला होता. तारायंत्राच्या कट्ट-कडकट्टास अरुंद पट्टा पुरत असे. मनुष्याचा आवाज त्यांत मावला नसता.

काळ मात्र त्याच्यासाठीं थांबला नाहीं. १९२७ मध्यें आपल्याकडे खडकीहून संदेश पाठवून व दौंडला ते घेऊन इंग्लंडशीं लघुलहरींचा दुवा जोडला गेला. लहरच आखूड झाली, तेव्हां एरियल ठेंगणी ठेवण्याचें कारण उरलें नाहीं. दीर्घ लहरी समुद्राच्या पाण्यांत कांहीं अंतर शिरतात, म्हणून पाणबुड्यांसाठीं ग्रिमेटोन टिकलें. २००४ मध्यें युनेस्कोनें त्यास जागतिक वारशांत घेतलें, आणि तें जुनें यंत्र अजूनही अधूनमधून फिरविलें जातें.