वणीच्या फांट्यावरील कोळशाच्या गाड्या

मारेगांवास आगगाडी नाहीं. लहानपणीं आम्ही जिला 'आपली गाडी' म्हणत असूं ती वणीची. आणि तीही माणसांची नव्हे, कोळशाची. एस.टी.नें वणीला जावें, गांवाबाहेर रुळांच्या कांठीं एखादी बाभूळ गांठावी आणि गाडी येईपर्यंत तिच्या विरळ सावलींत बसून राहावें, हा माझा गेल्या चाळीस वर्षांचा नाद आहे. घरच्यांनीं त्यास 'रिकामपण' असें नांव दिलें आहे व तें मला मान्य आहे. परंतु त्या रिकामपणांत काढलेलीं शेंदीडशें छायाचित्रें परवां सालवार लावीत असतां मनांत आलें कीं, या फांट्याची हकीकत सांगणारें कांहीं आपल्या हातून लिहून झालें तर बरें.

आगगाडीचा जन्मच मुळीं कोळशाच्या पोटीं झालेला आहे. इंग्लंडांत १८२५ सालीं स्टॉक्टन-डार्लिंग्टनची वाटचाल सुरू झाली ती मुख्यतः खाणींतील कोळसा नदीच्या धक्क्यापर्यंत नेण्यासाठीं. आपल्याकडेही मुंबई-ठाण्याची गाडी १८५३ सालीं निघाली न निघाली तोंच १८५५ सालीं हावड्याहून थेट राणीगंजच्या खाणींकडे रूळ जाऊन पोंचले. वऱ्हाडची गोष्ट निराळी. येथें रूळ आले ते कापसासाठीं. अमेरिकेंतील यादवी युद्धामुळें (१८६१-६५) मँचेस्टरच्या गिरण्यांना वऱ्हाडी कापसाची निकड भासूं लागली. आणि १८६७ सालीं लोहमार्ग वर्ध्यावरून नागपुरास पोंचला. मात्र कापूस ओढणाऱ्या इंजिनाच्या पोटांत घालावयाचें काय, हा प्रश्न उरलाच. विलायतेहून जहाजानें आणलेला कोळसा मुंबईपासून येथवर वाहून आणावयाचा, नाहीं तर जंगलें तोडावयाचीं.

याचें उत्तर वर्धा नदीच्या खोऱ्यांत जमिनीखालीं होतें. १८७१ च्या सुमारास चांदा जिल्ह्यांत वरोरा येथें सरकारी खाण सुरू झाली व त्याच दशकांत वर्ध्याहून हिंगणघाटावरून वरोऱ्यापर्यंत लोहमार्ग टाकण्यांत आला. त्याचें नांवच 'वर्धा कोल स्टेट रेल्वे'. वाटेंत हिंगणघाटचा नामांकित कापूस असूनही नांव कोळशाचें, हें ध्यानांत ठेवण्याजोगें आहे. आज वरोरा म्हटलें कीं बाबा आमट्यांचें आनंदवन डोळ्यांपुढें येतें; परंतु पांच-सहा पिढ्यांपूर्वी हें नांव ऐकतांच लोकांस खाणच आठवत असेल. ती खाण १९०६ सालीं बंद पडली आणि खाणकामाचा भर दक्षिणेकडे बल्लारपुराकडे सरकला.

आतां नदीच्या या कांठाकडे वळूं. भूगर्भशास्त्रज्ञ ह्यूज यानें वर्धा खोऱ्यांतील कोळशावर आपला विस्तृत ग्रंथ १८७७ सालीं प्रसिद्ध केला. त्याच्या दृष्टीनें दोन्ही तीर मिळून एकच कोळसाक्षेत्र होतें. जमिनीखालच्या थरांना सरहद्द ठाऊक नसते. जमिनीवर मात्र नदीच्या पूर्वेस इंग्रजांचा मध्यप्रांत आणि पश्चिमेस निजामाकडून १८५३ सालीं ताब्यांत घेतलेला वऱ्हाड, असा भेद होता. आमचा जिल्हा त्या काळीं 'वणी जिल्हा' म्हणूनच ओळखला जाई. यवतमाळ हें नांव त्यास १९०५ सालीं मिळालें. वणीस रूळ उशिरा आले याचा दोष आमच्याकडील जुनी मंडळी या सरहद्दीस देत. माझ्या मतें खरें कारण अधिक साधें असावें. पूर्वतीरावर कोळसा रुळांच्या उशाशीं मिळत असतां नदीवर पूल बांधण्याचा खर्च कोण करणार? पुढें माजरीपासून फांटा फुटला, वर्धेवर पूल झाला आणि गाडी वणी व राजूरच्या खाणींना जाऊन भिडली, तेव्हां पैलतीरीं एक खाण उघडून, वापरून, टाकूनही दिलेली होती.

या फांट्यावर मीं पहिलें छायाचित्र घेतलें तें १९८३ सालीं, आग्फा क्लिक-३ नांवाच्या साध्या पेटीनें. एका फिल्मवर बारा चित्रें येत आणि त्या बारांवर दोन महिने काढावे लागत. या कॅमेऱ्याचा पडदा एकाच वेगानें उघडतो-मिटतो. म्हणून धांवती गाडी आडवी टिपूं गेलें तर हातीं नुसता काळा ओरखडा येई. गाडी समोरून तिरकी येत असतां, तीही चढावर दमलेली, अशाच वेळीं कळ दाबावयाची, हें मी चार फिल्म वायां घालवून शिकलों. दुसरी अडचण कोळशाचीच. काळे डबे, काळा माल आणि वर विदर्भाचें पांढरें फटफटीत आकाश! चित्रांत एक तर आकाश उरे, नाहीं तर गाडी. पावसाळ्यांत मात्र भिजलेला कोळसा असा चमके कीं डबे जणूं तेलानें पुसून काढल्यासारखे दिसत. माझीं चांगलीं चित्रें जवळजवळ सगळीं श्रावणांतलीं आहेत.

एकदां एका स्थानकावर एका अधिकाऱ्यानें मला हटकलें, पेटी उघडून फिल्म बाहेर ओढली आणि उन्हांत धरली. "कोळशाचे फोटो कशाला पाहिजेत तुला?" असें त्यानें विचारलें. मला उत्तर सुचलें नाहीं. फिल्म गेल्याचें दुःख विसरलें. तो प्रश्न मात्र राहिला.

डोळ्यांपेक्षां कानांनीं ही गाडी अधिक कळते. रिकामी गाडी राजूरकडे जातांना पत्र्याचे डबे पोकळ ढोलासारखे वाजत जातात. भरलेली परततांना आवाज खालीं रुळांत उतरतो आणि बसल्या जागीं जमीन हलल्याची जाणीव होते. थंडीच्या पहांटे एखाद्या भरल्या डब्यांतून धुराची बारीक रेघ निघतांना दिसते. येथील कोळसा राखट, ओलसर आणि लवकर भुगा होणारा. हवेंतील प्राणवायु शोषतां शोषतां तो आंतल्या आंत तापतो व कधीं कधीं आपोआप पेटतो. प्रथम ही रेघ पाहिली तेव्हां मीं धांवत जाऊन फाटकवाल्यास सांगितलें. तो हंसला आणि म्हणाला, "गुरुजी, तो काय आजचा आहे? चंद्रपूरला जायचाच आहे जळायला."

चंद्रपूर येथील औष्णिक वीजकेंद्राचा पहिला संच १९८३ सालींच सुरू झाला. तत्पूर्वी १९७३ सालीं दगडी कोळशाच्या खाणींचें राष्ट्रीयीकरण पूर्ण झालें होतें आणि १९७५ सालीं नागपूर येथें वेस्टर्न कोलफील्ड्स स्थापन झाली होती. वणीच्या आसपास उकणी, निळजई अशा उघड्या खाणी पडल्या. शेतें गेलीं, मातीचे डोंगर उभे राहिले. माझ्या चित्रांत हें गाडीमागें, नकळत आलेलें आहे. एका ठरावीक बाभळीवरून घेतलेल्या चित्रांत जेथें आधीं क्षितिजापर्यंत पऱ्हाटी दिसते, तेथें पुढच्या चित्रांत टेकडी आहे, आणि त्यापुढील चित्रांत ती टेकडी वाढलेली आहे. जी पऱ्हाटी उरली, तिच्या बोंडांवर रस्त्यावरच्या ट्रकांनीं उडविलेली काळी पूड बसलेली. मी चित्रें गाडीचीं काढीत होतों. टेकडी माझ्या ध्यानींही नव्हती.

मूर्तिजापूरहून यवतमाळास जाणारी अरुंद रुळांची 'शकुंतला' (ती १९०३ सालची) पुष्कळांनीं हौसेनें टिपली आहे. १९९४ सालीं तिचें वाफेचें इंजिन गेलें तेव्हां हळहळही झाली. तें योग्यच झालें. परंतु ती कापसाची आणि माणसांची गाडी होती. तिच्यांत बसून नवऱ्या सासरीं गेल्या. कोळशाच्या गाडींत कोण बसलें? वणीच्या फांट्यावरील वाफेचें इंजिन गेलें तें कोणत्या दिवशीं, हें मलाही सांगतां येणार नाहीं. एका खेपेस तें होतें, पुढच्या खेपेस डिझेल होतें. पुढें रूळ पिंपळखुटीवरून आदिलाबाद-मुदखेडकडे जोडले गेले आणि वणीवरून माणसांच्याही गाड्या जाऊं लागल्या. तरी फाटकाशीं थांबलेला माणूस आजही कोळशाचेच डबे मोजतो. ते सहसा अठ्ठावन्न भरतात आणि एका खेपेस साडेतीन हजार टनांहून अधिक माल जातो.

२००५ च्या आगेमागें भारनियमनाचा कहर होता. त्या दिवसांत मी एकदां संध्याकाळीं वणीहून परतत होतों. फाटक बंद होतें. भरलेली गाडी निघून गेली, लाल दिवा दिसेनासा झाला आणि एस.टी. हलली. मारेगांवीं पोंचलों तेव्हां गांव अंधारांत होतें. धाकटी मुलगी कंदिलाशीं भूगोल वाचीत बसली होती. "बाबा, आज किती डबे?" तिनें विचारलें. मीं आंकडा सांगितला आणि तिनें तो वहीच्या समासांत टिपून ठेवला. ती वही अद्याप माझ्यापाशीं आहे. छायाचित्रें सालवार लावतांना जेथें माझी आठवण चुकली, तेथें मीं तिच्या समासावरूनच ताळा घेतला.