कढीलिंबावरील बहुरूपी

उल्हासनगर कॅम्प नंबर २ हें नांवच आपला पूर्वेतिहास सांगतें. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत कल्याणजवळच्या या माळावर लष्करी तळ होता. युद्ध संपलें, देशाची फाळणी झाली, आणि सैनिकांनीं मोकळ्या केलेल्या बराकींत सिंधमधून आलेलीं निर्वासित कुटुंबें राहूं लागलीं. ८ ऑगस्ट १९४९ रोजीं या वसाहतीस उल्हासनगर हें नांव मिळालें. मातीच्या रंगांत मिसळून शत्रूची नजर चुकविणारा खाकी गणवेष तेथून गेला. परंतु नजर चुकविण्याची कला कांहीं सैनिकांबरोबर आलेली नव्हती, आणि त्यांच्याबरोबर ती गेलीही नाहीं. सिंधी कढी असो कीं मराठी आमटी असो, फोडणीस कढीलिंब हवाच. आणि जेथें कढीलिंब किंवा लिंबाचें झाड आहे, मग तें अंगणांतील असो वा गच्चीवरील कुंडींतील असो, तेथें एक काळें फुलपाखरूं अंडीं घालावयास येतें. इंग्रजींत त्याला ‘कॉमन मॉरमॉन’ म्हणतात. शास्त्रीय नांव ‘पॅपिलिओ पॉलिटीस’. गांवोगांव सोंगें घेऊन फिरणारा बहुरूपी महाराष्ट्राला परिचित आहे. हें फुलपाखरूं म्हणजे कीटकसृष्टींतील तसाच एक बहुरूपी होय.

त्याचें पहिलें सोंग बाल्यांतलें. अंड्यांतून निघालेली अळी काळपट तपकिरी असते आणि तिच्या अंगावर पांढरट पट्टा असतो. पानावर ती निश्चल बसली म्हणजे पाखराची शीट पडली आहे असेंच वाटतें, आणि आपलीच शीट कोणता पक्षी टिपील? पुढें कात टाकीत टाकीत ती मोठी होते. एवढ्या मोठ्या देहाला हें सोंग शोभेनासें झालें कीं शेवटच्या अवस्थेंत ती एकाएकीं पानासारखी हिरवी होते. हा पालट कशानें होतो, याचा उलगडा जपानी संशोधकांनीं २००८ सालीं केला. याच कुळांतील एका फुलपाखरावर प्रयोग करून त्यांनीं दाखविलें कीं, अळीच्या शरीरांतील बाल्य टिकविणारें संप्रेरक कमी झालें म्हणजे जुना रंग जाऊन हिरवा रंग येतो. त्यानंतरचा कोशही परिसराप्रमाणें हिरवा किंवा तपकिरी होतो.

येथपर्यंत सारा खटाटोप न दिसण्यासाठीं असतो. पंख फुटल्यावर मात्र दिसण्याचेंच सोंग सुरू होतें, आणि तेंही केवळ मादीचें. नर काळा असून त्याच्या मागल्या पंखांवर पांढऱ्या ठिपक्यांची ओळ असते. कांहीं माद्या नरासारख्याच दिसतात. कांहीं ‘कॉमन रोझ’ नांवाच्या दुसऱ्याच फुलपाखरासारख्या, तर कांहीं ‘क्रिम्झन रोझ’सारख्या दिसतात. हीं दोन्ही रोझ फुलपाखरें विषारी असतात. त्यांच्या अळ्या ईश्वरीच्या वर्गांतील वेलींवर वाढतात आणि वेलीचें विष अंगांत साठवितात. एकदां चव घेतलेला पक्षी त्यांच्या वाटेस पुन्हा जात नाहीं. मॉरमॉनच्या मादीच्या अंगीं विष नाहीं. तिच्यापाशीं आहे तें केवळ विषारी फुलपाखराचें रूप. मात्र या सोंगांत एक उणीव राहून गेली आहे. खऱ्या रोझचें धड लाल असतें, या मादीचें काळेंच राहतें.

हें सोंग इतकें बेमालूम कीं त्यानें शास्त्रज्ञही फसले. १७५८ सालीं लिनियसनें या एकाच जातीच्या दोन रूपांना दोन निराळ्या जाती समजून दोन नांवें दिलीं. १८६२ मध्यें हेन्री बेट्स यानें ॲमेझॉनच्या अरण्यांतील फुलपाखरांवरून अनुकरणाचा सिद्धांत मांडला. त्यानंतर १८६५ सालीं प्रसिद्ध झालेल्या निबंधांत आल्फ्रेड वॉलेस यानें एकाच जातीची मादी अनेक रूपें कशी घेते याचें विवेचन केलें. अंड्यांच्या भारानें मादी मंद उडते, म्हणून संरक्षणाची गरज तिलाच अधिक, असें त्यानें सुचविलें.

पण खरा प्रश्न पुढेंच होता. पंखांचा रंग, ठिपक्यांची जागा, पट्ट्यांचा आकार, हें सारें एकत्र जुळल्याशिवाय सोंग साधत नाहीं. मग तें साधलें कसें? पहिल्या महायुद्धाच्या थोडें आधीं फ्रायर यानें सिलोनांत या फुलपाखराच्या पिढ्यांमागून पिढ्या पाळल्या. त्याला आढळलें कीं, सोंगाचा वारसा मेंडेलच्या साध्या नियमांनीं चालतो, आणि नर स्वतः सोंग न घेतांही तें आपल्या मुलींना देऊं शकतो. त्यावरून केंब्रिजच्या पनेट यानें १९१५ च्या आपल्या ग्रंथांत निष्कर्ष काढला कीं, सोंग एका उडींतच उत्पन्न झालें असलें पाहिजे. रोनाल्ड फिशर यास तें मान्य नव्हतें. १९३० च्या आपल्या ग्रंथांत त्यानें प्रतिपादन केलें कीं, असें साम्य निसर्गाच्या निवडीनें थोडें थोडें करूनच घडत जातें. वाद फुलपाखराचा दिसला, तरी पणास लागली होती ती डार्विनची संथ उत्क्रांतीची कल्पना.

पुढें लिव्हरपूलचे वैद्य सिरिल क्लार्क व त्यांचे सहकारी फिलिप शेपर्ड यांनीं याच कुळांतील अनेक जातींचे संकर केले. १९७२ सालीं त्यांनीं पॉलिटीसवरही निबंध लिहिला. अनेक घटक एकमेकांस चिकटून एका गांठोड्यासारखे वारशानें जात असावेत, असें त्यांचें मत होतें. फुलपाखरांच्या या वारशाशीं माणसाच्या ऱ्हीसस रक्तगटाच्या वारशाचें साम्य क्लार्क यांना दिसलें, आणि त्यांचें लक्ष त्या रक्तगटामुळें दगावणाऱ्या अर्भकांकडे वळलें. १९६० नंतरच्या दशकांत त्यांच्या मंडळानें, आणि स्वतंत्रपणें अमेरिकेंतील संशोधकांनीं, बाळंतिणीस वेळेवर टोंचावयाची जी लस सिद्ध केली, तिनें जगभर असंख्य बालकांचे प्राण वाचविले आहेत.

मूळ वादाचा निर्णय २०१४ सालीं लागला. उत्तर सह्याद्रींतील फुलपाखरांच्या ऋतुमानाचा पूर्वीं अभ्यास केलेले, बंगळूरच्या राष्ट्रीय जैवविज्ञान केंद्राचे कृष्णमेघ कुंटे यांनीं अमेरिकेंतील सहकाऱ्यांसह दाखवून दिलें कीं, हें सोंग ‘डबलसेक्स’ या एकाच जनुकाच्या हातीं आहे. कीटकांचें नर-मादीपण घडविणारें तेंच हें जनुक. सोंग घेणाऱ्या रूपांत गुणसूत्राचा त्याभोंवतींचा तुकडा उलटा बसलेला आहे. त्यामुळें साध्या रूपाशीं त्याची सरमिसळ होत नाहीं, आणि त्या बंद पेटींत लहानमोठे अनेक बदल साठत गेले. म्हणजे कळ एकच, हें पनेटचें म्हणणें खरें. पण ती घडली अनेक बदल सांचून, हें फिशरचेंही खरें.

सर्वच माद्या सोंग कां घेत नाहींत? कारण नकली फार झाले कीं पक्षी खऱ्यांसही भिईनासे होतात. सोंग चालतें तें विरळ असेपर्यंतच.

कढीलिंबाची डहाळी खुडतांना पानावर घाण दिसली म्हणजे गृहिणी ती सहज झटकून टाकते. ती घाण जरा हलते कीं काय, हें आधीं पाहिलें तर बरें. जिनें पक्ष्यांना फसविलें, लिनियसला फसविलें, आणि दीडशें वर्षें पंडितांना वादांत गुंतविलें, त्या बहुरूप्याच्या वंशाला चार पानें दिल्यानें कढीची चव कांहीं कमी होत नाहीं.