शिखर शिंगणापूरची पायवाट व मालोजीराजांचें तळें

कोंकणांत भूशिर समुद्रावर पुढें येतें, तसेंच माणदेशांत शिखर शिंगणापूर नीरेच्या सखल खोऱ्यावर उभें आहे. मुंगी घाटानें पायीं चढणाऱ्यास हें विशेष प्रत्ययास येतें. चैत्र शुद्ध द्वादशीस सासवडची कावड कऱ्हेचें पाणी घेऊन याच बिकट वाटेनें शंभुमहादेवाकडे जाते. माण सह्याद्रीच्या पर्जन्यछायेंत असल्यानें तेथें चैत्रांत पाणी दुर्मिळ. शिवाजी महाराजांचे आजोबा मालोजीराजे यांनीं यात्रेकरूंसाठीं शिखरावर तळें बांधविलें, असें परंपरा सांगते. शंभुमहादेव हें भोसल्यांचें कुलदैवत. तेव्हां या कार्यामागें भक्ति होतीच. परंतु पाण्यावांचून यात्रा टिकत नाहीं, ही जाणीवही त्यांत दिसते. म्हणून देवालयांच्या शिल्पाइतकाच अशा जलाशयांचाही अभ्यास व्हावयास हवा.